इंदूर: अकरा महिन्यांचा करार संपल्यानंतर घरमालकाचे आणि भाडेकरूचे हक्क

मोगरा

सुदामानगरात आमचे दुमजली घर आहे. वडील गेल्यापासून खालच्या मजल्यावर आई एकटी राहते आणि वरचा मजला गेली सहा वर्षे एका कुटुंबाकडे भाड्याने आहे. नवरा, बायको आणि दहावीत शिकणारी मुलगी असे ते तिघे आहेत. दर अकरा महिन्यांनी नोटरीकडे जाऊन नवा करार करायचा, हा आमचा शिरस्ता होता. शेवटचा करार ऑगस्टमध्ये संपला आणि आईच्या आजारपणामुळे पुढचा झाला नाही. भाडे ११,००० रुपये आहे आणि ते दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत आईच्या खात्यात जमा होते. त्याबाबत आमची काहीही तक्रार नाही.

माझा धाकटा भाऊ येत्या उन्हाळ्यात पुण्याहून सहकुटुंब इंदूरला परत येतो आहे आणि त्याला राहायला वरचा मजला हवा आहे. आईने दिवाळीतच ही गोष्ट भाडेकरूंच्या कानावर घातली होती. तेव्हा त्यांनी होकार दिला; आता मात्र आवाक्यातले घर मिळत नाही, आम्ही जाणार नाही, तुम्ही हवे तर कोर्टात जा, असे ते म्हणतात. आमच्या नातेवाइकांचा सल्ला असा आहे की नर्मदेच्या पाण्याचा वरच्या टाकीकडे जाणारा वॉल्व्ह बंद करावा आणि विजेचे सबमीटर काढून घ्यावे, म्हणजे आठ दिवसांत घर मोकळे होईल. आईने त्यांना एकच उत्तर दिले: "ज्या मुलीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे, तिच्या घरचे पाणी मी तोडणार नाही."

मी स्वतः पुण्यात भाड्याच्या घरात राहते, त्यामुळे भाडेकरूची घालमेल मला कळते, आणि आईची अगतिकताही बघवत नाही. करार संपल्यावर भाडेकरूचा राहण्याचा हक्क संपतो का? अकरा महिन्यांच्या कागदाने घरमालकाला नेमके कोणते संरक्षण मिळते? आणि आईच्या मनात बसलेली भीती खरी आहे का, की बारा वर्षे राहिलेला भाडेकरू घराचा मालक होतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

रामबागकर

पाणी आणि वीज तोडण्याचा विचार मनातून काढून टाकला, हे आईंनी फार चांगले केले. बाकीचे वकिलांकडून समजून घ्या, पण या एका बाबतीत आईंच्या पाठीशी उभ्या राहा.

विजयनगर_३

मला हे पटत नाही. लोक अकरा महिन्यांचा करार करतात तो मुळी याचसाठी, की मुदत संपली की घर परत मिळावे. मुदत संपल्यानंतर राहणारा माणूस दुसऱ्याच्या घरात विनापरवानगी बसलेला असतो. ते लोक बाहेर गेलेले असताना कुलूप बदलावे, सामान सांभाळून एका खोलीत ठेवावे आणि नंतर त्यांच्या स्वाधीन करावे. यात मारहाण नाही की शिवीगाळ नाही.

वकिलीण

मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी कामे करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. विजयनगर_३ यांनी सुचवलेला मार्ग अवलंबला, तर मोगरा यांच्या आईंची बाजू खरी असूनही त्या आरोपीच्या जागी जाऊन बसतील.

आपल्याकडे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ हा कायदा लागू आहे. त्यातील "भाडेकरू" या शब्दाच्या व्याख्येत, भाडेपट्टी संपुष्टात आल्यानंतरही जागेचा ताबा ज्याच्याकडे राहिला आहे, अशा माणसाचा समावेश आहे. निष्कासनाचा, म्हणजे घर रिकामे करण्याचा, हुकूम ज्याच्याविरुद्ध झाला आहे, तो माणूस मात्र या व्याख्येबाहेर जातो. म्हणजे ऑगस्टमध्ये करार संपला तरी कायद्याच्या नजरेत वरचे कुटुंब भाडेकरूच आहे. घर रिकामे करून घेण्यासाठी कलम १२ मध्ये दिलेल्या कारणांपैकी किमान एक कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. थकलेल्या भाड्याची मागणी करणारी नोटीस मिळूनही दोन महिन्यांत ते न देणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, जागेत न विचारता मोठे फेरफार करणे, मालकाला स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या राहण्यासाठी जागेची खरी गरज असणे, इमारत राहण्यास धोकादायक होणे, अशी ती कारणे आहेत. "कराराची मुदत संपली" हे कारण त्या यादीत नाही. इंदुरातल्या बहुसंख्य घरमालकांना ही गोष्ट ठाऊक नसते आणि वकिलाच्या खुर्चीसमोर बसल्यावर ती पहिल्यांदा समजते.

अकरा महिन्यांचा हिशेब वेगळ्याच कायद्यातून आला आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. तो खर्च आणि ती खटपट टाळण्यासाठी लोक मुदत वर्षाच्या आत ठेवू लागले. त्या पळवाटेचा घर रिकामे होण्याशी काहीही संबंध नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी, हा समजही तितकाच चुकीचा आहे. नोटरी कागदावरील सह्यांची खातरजमा करतो. दस्त सरकारी दप्तरी नोंदवला जातो तो उपनिबंधकाकडे.

पाणी आणि वीज यांविषयी रामबागकर यांचे म्हणणे बरोबर आहे. पुरेशा कारणावाचून आवश्यक सेवा तोडण्यास हा अधिनियम मनाई करतो. भाडेकरू भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि सेवा तातडीने पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश मिळवू शकतो. कुलूप बदलण्याविषयी सांगायचे तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम ६ वाचावे. कायदेशीर प्रक्रियेवाचून ज्याचा ताबा काढून घेतला गेला, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घराची मालकी कोणाची, हा प्रश्नच विचारात घेतला जात नाही.

पुणे_ते_पलासिया

मी वीस वर्षे पुण्यात राहून आता इंदुरात आलो आहे आणि इथला गोंधळ पाहून चकित झालो आहे. महाराष्ट्रात "लीव्ह अँड लायसन्स" करार होतो, म्हणजे भाडेपट्टा न देता फक्त राहण्याचा परवाना दिला जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे त्या कराराची लेखी नोंदणी करावीच लागते, मग मुदत अकरा महिन्यांची असो की पाच महिन्यांची, आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते. मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. आपणही करारावर तेच शीर्षक छापले, तर प्रश्न सुटणार नाही का?

वकिलीण

शीर्षक बदलल्याने प्रश्न सुटत नाही. असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की दस्ताला काय नाव दिले यापेक्षा त्यातून प्रत्यक्षात कोणते हक्क निर्माण झाले, हे पाहायचे असते. स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर, किल्ली फक्त राहणाऱ्याकडे आणि दरमहा भाडे, अशी वस्तुस्थिती असेल तर वर "परवाना" लिहिले तरी न्यायालय त्याला भाडेपट्टा मानण्याची दाट शक्यता असते. शिवाय तुम्ही सांगितलेले कलम २४ महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. इंदुरातील घराला इंदुरात लागू असलेला कायदाच लागतो, घरमालक आणि भाडेकरू दोघेही मराठी असले तरी.

पुणे_ते_पलासिया

शेवटचे वाक्य मनापासून आवडले. चूक समजली, आभार.

भंवरकुआ_निवासी

या धाग्यावर आतापर्यंत बहुतेक जण घरमालकाच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मी खरगोनहून आलो आणि भंवरकुआ भागात तीन वर्षांत चार खोल्या बदलल्या. चारपैकी तीन ठिकाणी अनामत रक्कम पूर्ण परत मिळाली नाही. एका ठिकाणी ८,००० रुपयांपैकी ६,५०० रुपये रंगरंगोटीच्या नावाखाली कापले गेले आणि पुढच्याच आठवड्यात ती खोली त्याच जुन्या रंगात दुसऱ्या मुलाला दिली गेली. हे मला कळले, कारण तो मुलगा माझ्याच वर्गात होता. वडील महिन्याला जेवढे पाठवतात, त्यातून हे पैसे जातात तेव्हा घरी काय सांगावे ते सुचत नाही. करारात अनामतीविषयी एकच ओळ होती: "घर सोडताना हिशेब करून परत केली जाईल." तो हिशेब कसा करायचा, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

आता मी खोलीत सामान टाकण्यापूर्वीच भिंती, नळ, पंखा, दारांच्या कड्या आणि मीटरचा आकडा यांची चित्रफीत काढतो आणि त्याच दिवशी घरमालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. सध्याच्या घरमालकिणीला सुरुवातीला त्याचा राग आला होता. नंतर त्यांनीच मला बसवून खालच्या दोन खोल्यांची तशीच चित्रफीत करून घेतली.

मोगरा

तुमचे लिहिणे वाचून वाईट वाटले. माझ्या पुण्याच्या पहिल्या घराची अनामत मला सात महिन्यांनी, तीही अर्धीच मिळाली होती. आमच्या वरच्या कुटुंबाची २२,००० रुपये अनामत आईकडे आहे. ती पूर्ण परत द्यायची, हे मी आजच आईशी बोलून ठरवले.

वकिलीण

भंवरकुआ_निवासी यांच्या प्रश्नात कायद्याचे एक स्पष्ट सूत्र आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेकरूने जागा जशी मिळाली तशी परत करायची असते, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. तीन वर्षांत फिका पडलेला रंग ही झीज आहे. भिंतीला पाडलेले भोक हे नुकसान आहे. वापरामुळे जे घडणारच होते, त्याचा खर्च अनामतीतून कापणे या तत्त्वाला सोडून आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात तर दुरुस्तीच्या जबाबदाऱ्यांची अनुसूचीच दिली आहे. तिच्यात भिंतींना चुना लावणे, दारे-खिडक्या रंगवणे, पाण्याचे पाइप बदलणे आणि विजेचे वायरिंग ही कामे घरमालकाकडे आहेत. नळाचा वॉशर, विजेचे बटण, खिडकीची काच, कुलूप-कडी ही भाडेकरूकडे आहेत. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, घरात यायचे असल्यास मालकाने चोवीस तास आधी लेखी कळवावे, सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर येऊ नये, अशा तरतुदीही त्यात आहेत. हा मसुदा म्हणजे राज्यांसमोर ठेवलेला नमुना आहे आणि एखाद्या राज्याने त्यावर आपला कायदा केल्याखेरीज तो तिथे लागू होत नाही. पण त्यातील कलमे आपल्या करारात लिहून घेण्यास कोणाचीही आडकाठी नाही. माझ्याकडे जे करार होतात, त्यांत मी ही अनुसूची मराठीत किंवा हिंदीत लिहून जोडते.

विजयनगर_३

त्याच आदर्श अधिनियमात मुदतीनंतर न हटणाऱ्या भाडेकरूला पहिले दोन महिने दुप्पट आणि त्यापुढे चौपट भाडे द्यावे लागते, तेही लिहावे. घरमालकाच्या बाजूनेही त्यात काही आहे.

वकिलीण

बरोबर आहे. तेही लिहायला हवे होते.

जुना_वाडा

राजवाड्यालगत आमची वडिलोपार्जित इमारत आहे आणि तळमजल्यावर चार दुकाने आहेत. एका दुकानाचे भाडे आजही महिन्याला ८५ रुपये आहे. ज्या काळात ते ठरले, तेव्हा ते वाजवी असावे. आता त्या दुकानातला एक दिवसाचा गल्ला आमच्या वर्षभराच्या भाड्याहून कितीतरी अधिक आहे, आणि पावसाळ्यात छत गळले की मात्र निरोप आम्हाला येतो. वडिलांनी स्वतःच्या व्यवसायासाठी दुकान हवे म्हणून दावा लावला, तो अठरा वर्षे चालला आणि निकाल लागण्याच्या दोन वर्षे आधी वडील गेले. तारखेच्या दिवशी सकाळी ते पांढरा सदरा घालून निघत असत आणि दुपारी "पुढची तारीख मिळाली" एवढेच बोलून जेवायला बसत असत. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तरीही मी या कायद्याला नुसता दोष देणार नाही. शहरांत माणसे वाढत होती, घरे अपुरी होती आणि मालक मन मानेल तेव्हा बिऱ्हाड रस्त्यावर काढू शकत होता. त्या परिस्थितीतून देशभर भाडे नियंत्रणाचे कायदे झाले. माझी आजी लग्न होऊन आली ती मल्हारगंजातल्या एका भाड्याच्या खोलीतच. पगडी, म्हणजे जागा देताना भाड्याशिवाय वर घेतली जाणारी रक्कम, घेणे या कायद्याने निषिद्ध केले होते, तरीही जुन्या बाजारात ती रोखीने घेतली गेली, तिची पावती कोणाकडेच नाही, आणि आज दोन्ही पक्ष त्याच न लिहिलेल्या गोष्टीवरून भांडतात.

रामबागकर

जुना_वाडा, तुमच्या वडिलांविषयी वाचून फार वाईट वाटले.

विजयनगर_३

मीही हेच म्हणतो आहे. अठरा वर्षे लागणार असतील, तर माणूस कायद्याच्या वाटेने का जाईल? माझ्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी परदेशी जाताना फ्लॅट कुलूप लावून ठेवले, भाड्याने दिले नाहीत. भीती सगळ्यांना आहे आणि त्यामुळे भाड्याची घरे कमी पडतात. नुकसान शेवटी भाडेकरूंचेच होते.

निवृत्त_बँककर्मी

विजयनगर_३ यांची कळकळ मला समजते, पण प्रत्येक प्रकरण अठरा वर्षे चालत नाही, आणि मोगरा यांच्या आईंसाठी तर या कायद्यात वेगळी वाट आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गेले, तेव्हा तिच्या तिलकनगरच्या घरात भाडेकरू होते आणि तिला मुलासाठी जागा हवी होती. आमच्या वकिलांनी दिवाणी दावा न लावता भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. कायद्याच्या प्रकरण ३-अ मध्ये काही घरमालकांसाठी ही खास सोय आहे: विधवा किंवा घटस्फोटित स्त्री, शारीरिक दृष्ट्या अपंग व्यक्ती, सैन्यदलातून किंवा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले कर्मचारी, सरकारी मालकीच्या कंपन्यांमधून निवृत्त झालेले लोक इत्यादी. अट अशी की अर्ज जागेच्या खऱ्या गरजेसाठीच असला पाहिजे.

समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत भाडेकरूला प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून, आपली बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. आमच्या प्रकरणात त्याने ती मागितली, त्याला ती मिळाली, साक्षी झाल्या आणि सुमारे चौदा महिन्यांनी बहिणीच्या बाजूने आदेश झाला. चौदा महिने हा काही थोडा काळ नाही, परंतु ती स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या पायांनी जिना चढून त्या खोल्यांत गेली.

मोगरा

काका, हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. आई विधवा आहे आणि सरकारी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिकाही आहे. एक शंका आहे: गरज भावाची आहे, घर आईच्या नावावर आहे. भाऊ कमावता आणि विवाहित आहे, तरी त्याची गरज आईची गरज मानली जाईल का?

वकिलीण

मानली जाऊ शकते. स्वतःच्या किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या राहण्यासाठी, असेच शब्द आहेत आणि कुटुंबाच्या व्याख्येत मुलगा येतो. व्याख्येत मुलगी "अविवाहित" असल्यासच येते, ही गोष्ट मला दर वेळी खटकते. विवाहित लेक आईच्या आजारपणात माहेरी येऊन राहते तेव्हा तिला कोणी पाहुणी म्हणत नाही.

गरज खरी आहे हे दाखवावे लागेल. भावाचा इंदूरला येण्याचा निर्णय, नोकरीचे किंवा बदलीचे पत्र, मुलांच्या शाळाप्रवेशाची कागदपत्रे उपयोगी पडतील. याच शहरात राहण्यासाठी दुसरी सोयीची जागा स्वतःच्या ताब्यात नाही, हेही सिद्ध करावे लागते, म्हणून विजयनगरात किंवा राऊकडे एखादा रिकामा फ्लॅट असेल तर तो वकिलांपासून लपवू नका. आणि या कारणावर मिळवलेली जागा ठराविक काळ दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. खोट्या गरजेचे बहाणे रोखण्यासाठी ती तरतूद आहे आणि ती असायलाच हवी.

आईंच्या बारा वर्षांच्या भीतीविषयी: ती भीती निराधार आहे. बारा वर्षांचा नियम मालकाचा हक्क नाकारून, त्याच्याविरुद्ध ठेवलेल्या ताब्याला लागतो. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, आणि भाडेपट्टी चालू असेपर्यंत घरमालकाची सुरुवातीची मालकी त्याला नाकारता येत नाही. दरमहा खात्यात येणारे ११,००० रुपये हाच त्याचा पुरावा आहे, म्हणून भाडे नाकारू नका.

भंवरकुआ_निवासी

उलट बाजूने विचारतो. भाडेकरूला काढायचे म्हणून घरमालकाने मुद्दाम भाडे घेणेच थांबवले आणि नंतर थकबाकीदार ठरवले तर?

वकिलीण

अशा वेळी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे भाडे जमा करण्याची सोय कायद्यात आहे. तिचा उपयोग करावा आणि पावती जपून ठेवावी. थकबाकीचा दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत थकबाकी न्यायालयात भरावी आणि पुढे प्रत्येक महिन्याचे भाडे मुदतीत भरत राहावे. तसे केल्यास थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. मात्र हे संरक्षण एकदा घेतल्यानंतर पुन्हा सलग तीन महिने भाडे थकवले, तर ते दुसऱ्यांदा मिळत नाही. भाडे भरण्यात चुकारपणा करणाऱ्या भाडेकरूचा बचावच न्यायालय रद्द करू शकते, आणि मग खरी बाजू असूनही ती ऐकली जात नाही. माझ्याकडे येणारे भाडेकरू बहुतेक वेळा याच ठिकाणी हरतात.

हिशेबनीस

भाडे ऑनलाइन पाठवताना शेऱ्याच्या जागी "भाडे" आणि महिन्याचे नाव लिहावे. कोऱ्या शेऱ्याचे पैसे नंतर उसने होते, भेट होती की भाडे, यावर वाद होतात. नोकरदार भाडेकरू घरभाडे भत्त्याची करसवलत घेत असेल आणि वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल, तर त्याला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. पुष्कळ घरमालक तो देत नाहीत आणि पावतीही देत नाहीत. भाड्याची पावती मिळणे हा भाडेकरूचा हक्क आहे. ज्या घरमालकाला उद्या न्यायालयात भाडेकरूविरुद्ध उभे राहायचे आहे, त्याने आज भाड्याचे उत्पन्न विवरणपत्रात दाखवलेले असावे.

रामबागकर

पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचे राहून गेले असेल तर तेही करून टाका. इंदुरात त्यासंबंधी प्रशासनाचे आदेश वेळोवेळी निघतात आणि त्यांचे पालन न केल्यास गुन्हा घरमालकावर दाखल होतो.

सराफा_शेजारी

विषयाला धरूनच एक प्रश्न विचारते. आम्ही लोकमान्यनगरात एक घर विकत घेण्याच्या विचारात आहोत, त्यात भाडेकरू आहेत. विकणारे म्हणतात की खरेदीनंतर तुम्ही स्वतःच्या गरजेसाठी त्यांना लगेच काढू शकाल. हे खरे आहे का?

वकिलीण

खरे नाही. हस्तांतरणाने घर मिळवणाऱ्याला स्वतःच्या गरजेच्या कारणावर, खरेदीपासून एक वर्ष होईपर्यंत दावा लावता येत नाही. विकणाऱ्यांनाच घर रिकामे करून द्यायला सांगा, किंवा भाडेकरू आहेत हे गृहीत धरून किंमत ठरवा. खरेदीपूर्वी भाडेकरूंशी स्वतः भेटून बोला. त्यांच्याकडचा करार आणि विकणाऱ्यांकडचा करार एकसारखाच असेल, असे समजू नका.

मोगरा

दोन महिन्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण या धाग्यावर इतक्या जणांनी वेळ काढून लिहिले आणि पुढे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

जानेवारीच्या अखेरीस मी इंदूरला आले. वकिलांकडून नोटीस तयार करून घेतली होती, पण आई म्हणाली की कागद जाण्याआधी मी वर जाऊन येते. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच जिना चढली. ती दोन तास वर बसली. खाली आल्यावर तिने सांगितले की त्या गृहस्थांचा पगार तीन महिने अर्धाच मिळत आहे आणि नव्या घरासाठी लागणारी अनामत त्यांच्याजवळ नाही. आमच्याकडचे २२,००० रुपये परत मिळतील, असा त्यांना भरवसा नव्हता, कारण आधीच्या घरी ते मिळाले नव्हते. "कोर्टात जा" हे शब्द त्या भीतीतून आले होते. ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती आणि आम्ही कधी विचारलीही नव्हती.

आईने १०,००० रुपये तेव्हाच त्यांच्या खात्यात भरले, जेणेकरून त्यांना नव्या घराचा बयाणा देता यावा. उरलेले १२,००० किल्ल्या देण्याच्या दिवशी मिळतील, मुलीची परीक्षा संपल्यावर ३० एप्रिलपर्यंत घर रिकामे होईल, तोपर्यंत भाडे नेहमीप्रमाणे चालू राहील आणि पाणी-वीज कोणीही बंद करणार नाही, असे लेखी ठरले असून दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आहेत. वकिलांनी नोटीस तशीच राखून ठेवली आहे आणि अर्जाचा मसुदाही तयार आहे, कारण ३० एप्रिल अजून यायचा आहे.

विजयनगर_३

मी सुरुवातीला जे लिहिले होते, ते मागे घेतो. कुलूप बदलले असते तर हे काहीच समजले नसते. तरी अर्ज तयार ठेवला आहे, हे योग्यच केले.

भंवरकुआ_निवासी

आईंना माझा नमस्कार सांगा.

मोगरा

नक्की सांगते. आता एकच व्यावहारिक शंका राहिली आहे. किल्ल्या घेण्याच्या दिवशी नेमके काय लिहून घ्यावे?

वकिलीण

घर दोघांनी मिळून फिरून पाहावे आणि भंवरकुआ_निवासी करतात तशी चित्रफीत काढावी. विजेच्या सबमीटरचा आकडा लिहावा आणि शेवटचे बिल त्याच दिवशी मिटवावे. एका कागदावर तारीख, किल्ल्यांची संख्या, "रिकामा आणि शांततापूर्ण ताबा स्वेच्छेने परत दिला" हे वाक्य, अनामतीपैकी आधी दिलेले १०,००० आणि आज दिलेले १२,००० असा हिशेब, कोणाचेही काही येणे नाही हा उल्लेख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. पती-पत्नी दोघांच्याही सह्या घ्या. त्याच्या दोन प्रती करा आणि एक त्यांना द्या, कारण पुढच्या घरमालकाला दाखवायला ती त्यांच्या उपयोगी पडेल.